भिजवण्याच्या टाकीपासून उकिरड्यापर्यंत : कराड तालुक्यातील एका धिंगरी अळिंबी गटाच्या उरलेल्या बेडचे प्रकरण

हे प्रकरण माझ्यापर्यंत पोचले ते आल्याच्या पिवळ्या पडलेल्या पानांमुळे. कराडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, कोयनेच्या काठच्या एका गावातील शेतकऱ्याने जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला शेतावर बोलावले. मी त्या वेळी या भागात जमीन आणि सेंद्रिय खते यांविषयी सल्ला देण्याचे काम करीत होतो. मे महिन्यात गादीवाफ्यांवर लावलेले आले उगवून वीतभर झाले होते, पण त्यातल्या सहा वाफ्यांवरील रोपांची खालची, जुनी पाने सरसकट फिकट पिवळी पडली होती. शेजारच्या वाफ्यांवर तेच बियाणे, तेच ठिबक आणि तीच माती असूनही पाने हिरवीगार होती. कंदकूज असेल अशी शेतकऱ्याला धास्ती होती आणि सातारी आल्याच्या पट्ट्यात ती धास्ती निराधार म्हणता येत नाही. परंतु उपटून पाहिलेल्या रोपाचा कंद घट्ट होता, त्याला वास नव्हता आणि खोड बुडाशी मऊ पडलेले नव्हते. वाफा चार बोटे उकरल्यावर मात्र पांढऱ्या तंतूंनी जखडलेल्या काडाचा एक थर हाती लागला.

"हे कुठलं काड, आबा?" असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, "बायकांच्या मशरूमचं. फुकट न्या म्हणाल्या, चार ट्रॉल्या आणलं. खतच ते, म्हणून नांगरटीत घातलं."

पुढच्या सात-आठ महिन्यांत या एका वाक्याच्या मागे जे उलगडत गेले, ते येथे सविस्तर नोंदवीत आहे. धिंगरीचे (ऑयस्टर मशरूमचे) छोटे गट सातारा-सांगली पट्ट्यात आता बरेच झाले आहेत. पीक घेऊन उरलेल्या बेडचे, म्हणजे अळिंबी वाढवलेल्या काडाच्या गठ्ठ्यांचे, काय करायचे हा प्रश्न त्या सर्वांपुढे येतो आणि त्यावर 'खत करा' एवढेच उत्तर मिळते. ते उत्तर चुकीचे नाही, पण ते इतके अपुरे आहे की त्यामुळे नुकसान होऊ शकते.

गट आणि त्यांचा माल

बचत गटातील सात जणींनी आदल्या वर्षी दिवाळीनंतर एका सदस्येच्या सासऱ्यांच्या जुन्या, वापरात नसलेल्या गोठ्यात धिंगरी अळिंबी सुरू केली होती. गोठ्याला आतून गोणपाट लावून, बांबूच्या मांडण्या करून एका वेळी तीनशे बेड बसतील एवढी जागा त्यांनी तयार केली. काड म्हणून पाटण भागातून आलेला भाताचा पेंढा आणि गावातच मळणीनंतर मिळणारे सोयाबीनचे भुसकट वापरले जाई आणि स्पॉन (अळिंबीचे बियाणे) पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्पातून आणले जाई. पद्धत राज्यात सर्वत्र शिकवली जाते तीच होती. दोन-तीन इंच लांबीची कुट्टी निर्जंतुक करून निथळत ठेवायची, ३५ × ५५ सें.मी.च्या पिशवीत थरावर थर देत ओल्या काडाच्या दोन टक्के स्पॉन पेरायचे, पंधरा-अठरा दिवसांनी बुरशीने काड पांढरे झाले की पिशवी कापून काढून बेड मांडणीवर ठेवायचा आणि हवेतील ओलावा टिकवत पुढे तीन तोडे घ्यायचे. पिशवी अशी मधल्याच टप्प्यावर निघत असल्यामुळे उरलेल्या बेडमध्ये प्लॅस्टिक मिसळत नाही. आपल्याकडच्या पद्धतीचा हा फार मोठा फायदा आहे, हे नंतर लक्षात आले.

कचरा किती निघतो याचा हिशोब गटाने कधी मांडलेला नव्हता. तो आम्ही एका पिकापुरता एकत्र बसून मांडला. तीनशे बेडसाठी सुमारे तीनशे किलो कोरडे काड लागत होते आणि भिजल्यावर त्याचे वजन जवळपास एक टन होई. तीन तोड्यांत मिळून दोनशे किलोच्या आसपास ताजी अळिंबी मिळे. अळिंबीत नऊ-दशांश पाणीच असल्यामुळे तिच्या रूपाने बाहेर गेलेला कोरडा माल वीस किलोच भरतो. बुरशी श्वसनातून काडाचा आणखी मोठा वाटा हवेत सोडते, तरीही पीक संपल्यावर दोनशे किलोच्या आसपास कोरडा माल उरतो आणि ओला धरला तर त्याचे वजन साडेपाचशे ते सहाशे किलो होते. म्हणजे विकलेल्या प्रत्येक किलोमागे पावणेतीन-तीन किलो ओला कचरा होतो. बटन अळिंबीच्या बाबतीत हे प्रमाण किलोमागे सुमारे ५ किलो धरले जाते. दर दोन महिन्यांनी अर्ध्या टनाहून अधिक ओला, जिवंत बुरशीने भरलेला माल गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत, ओढ्यापासून वीस पावलांवर टाकला जात होता.

पावसाळा लागल्यावर त्या ढिगातून चहाच्या रंगाचे पाणी ओढ्याकडे वाहू लागले आणि शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली. या दोन गोष्टी डोळ्यांना दिसत होत्या. तिसरी गोष्ट दिसत नव्हती आणि गटाचे खरे नुकसान तीच करीत होती. ढिगात वाढलेल्या बारीक काळ्या माश्या गोठ्याच्या जाळीतून आत शिरत होत्या. या माश्यांच्या अळ्या कोवळे तंतू खातात आणि माश्या स्वतःच्या अंगावरून अळिंबीशी स्पर्धा करणाऱ्या हिरव्या बुरशीचे बीजाणू नव्या बेडवर नेतात. गटाच्या वहीत जानेवारीच्या पिकात हिरवी बुरशी लागलेले बेड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. जुलैच्या पिकात त्यांची संख्या चाळिशीच्या वर गेली होती. गट याचा दोष स्पॉनला देत होता. जुना ढीग आणि नवे पीक यांच्यामध्ये फक्त एक गोणपाटाची भिंत आहे, याकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते.

पिवळ्या पानांचे कारण

आल्याचा प्रश्न तुलनेने सोपा होता. भाताच्या पेंढ्यात कर्बाचे प्रमाण नत्राच्या सत्तर-ऐंशी पट असते. धिंगरी बुरशी ही लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशींच्या कुळातली आहे. काडातील लिग्निनचे चिवट बंध ती तोडते, कर्ब हवेत सोडते आणि त्यामुळे उरलेल्या काडात नत्राचे प्रमाण थोडे वाढते. तरीही पिकानंतर हे गुणोत्तर पन्नासच्या आसपासच राहते. मातीतील जिवाणूंना असा माल पचवताना दर पंचवीस-तीस भाग कर्बामागे एक भाग नत्र लागते. मालात तेवढे नत्र नसले की ते मातीतून उचलतात. आल्याच्या मुळांशेजारी जिवाणूंचे जेवण सुरू असताना रोपाच्या वाट्याचे नत्र तात्पुरते त्यांच्या शरीरात अडकून पडते आणि रोप जुन्या पानांतून नत्र काढून नव्यांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. त्या सहा वाफ्यांना ठिबकमधून थोडा-थोडा युरिया विभागून दिल्यावर ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाने सावरली. तोच माल मातीत न गाडता वाफ्यावर वरून पसरला असता तर जिवाणूंची ही ओढाताण वरच्या बोटभर थरापुरती राहिली असती, शिवाय तण दबले असते आणि ओल टिकली असती.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण काही ठिकाणी या मालाची विक्री 'पोषक खत' म्हणून होताना मी पाहिली आहे. गटाच्या एका पिकातून उरलेल्या सगळ्या मालात मिळून नत्र भरते ते सुमारे दीड किलो, म्हणजे तीन-साडेतीन किलो युरियात असते तेवढे. एवढ्यासाठी कोणी सहाशे किलो माल वाहून नेऊ नये. या मालाची खरी किंमत त्यातील अर्धवट कुजलेल्या, मऊ झालेल्या सेंद्रिय कर्बात आहे. उसाच्या सलग पिकाने आणि पाटपाण्याने ज्या काळ्या जमिनी घट्ट झाल्या आहेत, त्यांना नेमका त्याचाच दुष्काळ आहे. शेतकऱ्याला हे आधी स्पष्ट सांगितले, तर नंतर त्याचा विश्वास उडत नाही.

गांडुळे का पळाली

ढीग हलवायला हवा हे गटाला पटले आणि त्यांनी स्वतःहून गांडूळखताचा निर्णय घेतला. शेणात मिसळून गांडुळे सोडली की दोन महिन्यांत विकण्याजोगे खत होते, हे गटातील दोघींना माहीत होते. श्रावणात दहा फूट लांबीचा विटांचा वाफा बांधला, तळाशी पाचटाचा थर दिला, त्यावर ताजे निघालेले बेड मोडून पसरले, मध्ये शेणाचे थर दिले आणि गावातल्याच एका गोशाळेतून आणलेली चार किलो गांडुळे सोडली. चौथ्या दिवशी सकाळी वाफ्याच्या भिंतींवर, गोणपाटाच्या खाली आणि बाहेर फरशीवर गांडुळे पडलेली दिसली. आठवडाभरात वाफ्यात एकही उरले नाही.

पहिला संशय उष्णतेवर गेला आणि तो रास्तच होता. ताजा माल एकत्र रचला की तो तापतो आणि खत करणारी गांडुळे तीस अंशांच्या वर अस्वस्थ होतात. पण हा थर जेमतेम फूटभर जाडीचा होता, हात घातल्यावर तो गार लागत होता आणि पावसाळी हवाही गारच होती. दुसरा प्रश्न मी विचारला तेव्हा गटाच्या अध्यक्षा जरा थांबल्या, कारण त्या दृष्टीने त्यांनी कधी विचार केला नव्हता. काड कशात भिजवता, असा तो प्रश्न होता.

काड निर्जंतुक करण्याची त्यांची पद्धत रासायनिक होती. १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिलिलिटर फॉर्मॅलिन हे जंतुनाशक टाकून त्यात काड १६ ते १८ तास बुडवून ठेवायचे, ही महाराष्ट्रात सर्वत्र सांगितली जाणारी मात्रा आहे. इंधन लागत नाही, एका टाकीत खूप काड बसते आणि नवख्या माणसालाही यश मिळते, म्हणून ती लोकप्रिय झाली. कार्बेन्डाझिमच्या या मात्रेत स्पर्धक बुरशी दबतात, पण धिंगरी तग धरते, हे तिच्या यशाचे रहस्य आहे. फॉर्मॅलिन निथळताना आणि नंतर बऱ्याच अंशी उडून जाते. कार्बेन्डाझिम मात्र उडत नाही, पाण्यात फारसे विरघळून जात नाही आणि मातीत महिनोन् महिने टिकते. बहुतेक बुरशीनाशकांची गांडुळांना फारशी बाधा होत नाही, पण कार्बेन्डाझिमची बाधा तीव्र असते. गांडुळांवरील विषारीपणा तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धतींत, चाचणी नीट चालली आहे की नाही हे पडताळण्यासाठी जी मोजकी संदर्भ-रसायने वापरली जातात, त्यांपैकी हे एक आहे.

प्रयोगशाळेतून अवशेषांची तपासणी करून घेणे गटाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून त्याच प्रमाणित पद्धतींपैकी एकीचे घरगुती रूप आम्ही वापरले. प्लॅस्टिकच्या पसरट घमेल्याच्या मधोमध पुठ्ठा उभा करायचा, एका बाजूला तपासायचा माल आणि दुसऱ्या बाजूला खात्रीचा, रसायन न लागलेला माल सारख्याच ओलीने भरायचा, पुठ्ठा काढून मधल्या रेषेवर दहा गांडुळे सोडायची आणि ओल्या गोणपाटाने झाकून ठेवायचे. ४८ तासांनी पुठ्ठा पुन्हा खोचून दोन्ही बाजूंची गांडुळे मोजायची. दुसऱ्या बाजूला शेणखत ठेवले असते, तर गांडुळे रसायनाला टाळतात की त्यांना शेण अधिक आवडते, हे कळले नसते. म्हणून मी गटाला त्याच पेंढ्याचे थोडे बेड मुद्दाम वाफेवर निर्जंतुक करून पिकवायला सांगितले. ते पीक संपेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. एवढे थांबणे गटाला जड गेले, पण त्याशिवाय तुलना खरी झाली नसती.

तीन घमेली भरली होती. रसायनात भिजवलेल्या काडाच्या बाजूला एका घमेल्यात एक गांडूळ सापडले आणि उरलेल्या दोहोंत एकही नाही. बाकी सगळी वाफेच्या काडात जाऊन गुंडाळी करून बसली होती. मोजणी सुरू असताना गटातल्या सर्वांत वयस्कर मावशी शेजारी बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "म्हंजे ते आपल्या टाकीतच ठरलं व्हतं." या सगळ्या प्रकरणात मला जे सांगायचे आहे, ते याहून नेमके मला मांडता येत नाही. उरलेल्या बेडचे खत होणार, वैरण होणार की नुसता कचरा होणार, हे दोन महिन्यांपूर्वी, काड ज्या पाण्यात बुडते त्या टाकीशी ठरून जाते. ढिगाजवळ उभे राहून घेतलेला कोणताही निर्णय त्यानंतरचा असतो आणि त्याला मर्यादा पडलेल्या असतात.

वाफेकडे वळताना

रासायनिक पद्धत सोडणे हा गटासाठी केवळ तत्त्वाचा प्रश्न नव्हता, तो कष्टाचा आणि इंधनाचा प्रश्न होता. दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपात तळाला वीतभर पाणी, त्यावर लाकडी जाळी आणि जाळीवर भिजवून निथळलेल्या काडाची पोती अशी रचना करून तोंड ताडपत्रीने बांधले. मधल्या पोत्याच्या गाभ्यात ८० अंश तापमान आल्यापासून पुढे तासभर वाफ द्यायची, असे ठरले. जळणासाठी मक्याची कणसे आणि सुकवलेले पाचट वापरले. एका वेळी पंधरा-वीस किलो कोरडे काडच होत असल्यामुळे तीनशे बेड भरायला पूर्वी दोन दिवस लागत, तिथे आता आठवडा लागू लागला. कामाच्या पाळ्या नव्याने लावाव्या लागल्या.

त्याहून मोठा धक्का पहिल्या दोन खेपांनी दिला. वाफेच्या काडात स्पर्धक बुरशीला दाबून ठेवणारे काहीच शिल्लक नसते, त्यामुळे निथळताना आणि स्पॉन पेरताना झालेली प्रत्येक अस्वच्छता उघडी पडते. पहिल्या खेपेतील जवळपास एक तृतीयांश बेड हिरवे झाले. रसायनाने इतके दिवस गटाची ढिलाई झाकून ठेवली होती, हे मान्य करणे सोपे नव्हते आणि दोघी जणी जुन्या पद्धतीकडे परत जाण्याच्या बाजूने होत्या. मीही त्या वेळी आग्रह धरला नाही, कारण नुकसान त्यांचे होत होते, माझे नव्हते. काड गार करण्यासाठी वेगळी, दोन्ही बाजूंनी बंद केलेली खोली, पेरणीआधी हात आणि टेबल पुसणे, जुने बेड हाताळलेल्या कपड्यांनी पेरणीच्या जागी न येणे आणि मुख्य म्हणजे जुना ढीग गोठ्यापासून शंभर पावले दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेणे, एवढे केल्यावर तिसऱ्या खेपेत हिरवे बेड दहाच्या आत आले. चुन्याच्या निवळीत काड भिजवण्याची तिसरी पद्धतही आहे आणि ती इंधन वाचवते. पण कोयना-कृष्णेच्या खोऱ्यातल्या मुळातच विम्लधर्मी काळ्या जमिनींत तो माल वर्षानुवर्षे घालणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी ती सुचवली नाही.

उरलेल्या मालाच्या वाटा

डिसेंबरपासून पीक संपलेले बेड मांडणीवरून उतरवतानाच वेगळे होऊ लागले. शेवटपर्यंत पांढरे, घट्ट आणि मशरूमचाच वास असलेले बेड एका बाजूला जात. हिरवे, काळे किंवा आंबूस वासाचे बेड दुसऱ्या बाजूला जात आणि ते दिवसभरही गोठ्याजवळ ठेवले जात नसत.

बहुतांश पांढरा माल गांडूळखताकडे गेला, पण थेट नाही. तीन पाट्या मोडलेले बेड आणि एक पाटी ओले शेण या प्रमाणात कंबरेएवढा उंच ढीग रचून तो आधी तापू दिला. ढीग कंबरेएवढा नसेल तर आतली उष्णता टिकत नाही आणि माल नुसता सडत राहतो. तापमापी नसताना वापरायची जुनी खूण येथे उपयोगी पडली. ढिगाच्या गाभ्यात लोखंडी पहार खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढायची. तिचे टोक मुठीत धरवत नसेल तर ढीग चांगला चालला आहे. दर आठ-दहा दिवसांनी बाहेरचा माल आत येईल असा पलटायचा. दोन पलटण्या झाल्या आणि पहार कोमट लागू लागली की मगच माल वाफ्यात पसरून गांडुळे सोडायची. या वेळी ती राहिली, वाढली आणि पन्नासेक दिवसांनी चहाच्या भुकटीसारखे काळसर, मातीच्या वासाचे खत हाती आले. धिंगरीने काड आधीच मऊ केलेले असल्यामुळे नुसत्या पाचटापेक्षा हे बरेच लवकर होते. पाचटाचे खत करताना ज्यांनी महिनोन् महिने वाट पाहिली आहे, त्यांना याची किंमत सांगावी लागत नाही.

हिरव्या बेडचा ढीग वेगळा ठेवून अधिक शेण घालून तापवला आणि किमान तीन पलटण्यांनंतरच त्याचा वापर केला. तो गांडुळांना किंवा नर्सरीला न देता पडीक बांधावरील झाडांच्या आळ्यांत टाकला.

आल्याच्या त्या शेतकऱ्यांनी जानेवारीत पुन्हा चौकशी केली, याचे मला समाधान आहे. पुढच्या लागवडीसाठी त्यांना कुजलेले खत गादीवाफ्यात घालायला आणि न कुजलेला, वाफेचा पांढरा माल लागवडीनंतर वाफ्यावर दोन बोटे जाडीने पसरायला दिला. कंदाला लागून ओला काडाचा थर राहू नये, एवढी एकच अट घातली. पावसाळ्यात कंदाशेजारी पाणी धरून ठेवणारी कोणतीही वस्तू कंदकुजीला आमंत्रण देते.

वैरणीचा प्रश्न अधिक नाजूक होता. भाताचा पेंढा ही मुळात जनावरांची वैरण आहे. अळिंबीसाठी तो विकत घेतला जाऊ लागल्यापासून गावात त्याचा भाव वाढला, अशी गोठेवाल्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. रसायनात भिजवलेला माल जनावरांना घालणे सर्वस्वी अयोग्य आहे आणि गटाकडून तो पूर्वी एकदा-दोनदा शेजारच्या म्हशींपुढे गेला होता, हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही. वाफेचा, पांढरा माल मात्र देता येतो. लिग्निन सैल झाल्यामुळे तो पचायला हलका होतो आणि बुरशीच्या तंतूंमुळे त्यातील प्रथिने किंचित वाढतात. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने एका सदस्येच्या दोन म्हशींना तो उन्हात वाळवून, नेहमीच्या वैरणीत मूठ-मूठ मिसळून देणे सुरू केले. चार दिवस म्हशींनी तो हुंगून बाजूला सारला, पेंडीच्या पाण्याचा शिपका दिल्यावर खाऊ लागल्या. दूध वाढले नाही आणि घटलेही नाही. काडातील सहज पचणारा भाग बुरशीने आधीच खाल्लेला असतो आणि कोरड्या मालाचा तिसरा हिस्सा कमी झालेला असतो. त्यामुळे याला वैरणीचा पर्याय न म्हणता टंचाईतली भर म्हणावे, असे माझे मत आहे. घरच्या, डोळ्यांसमोरच्या जनावरांपलीकडे तो विकू नये, असे गटाने ठरवले. काडाच्या आत दडलेली हिरवी बुरशी विकत घेणाऱ्याला ओळखता येईलच असे नाही.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली आणि ती आधी लक्षात यायला हवी होती. बेड मोडण्याचे काम नेहमी तीच एक सदस्या करीत असे आणि संध्याकाळी तिला कोरडा खोकला व अंगात कणकण जाणवे. धिंगरीची छत्री कडेला वर वळेपर्यंत तशीच राहिली की ती अब्जावधी बीजाणू सोडते. जुन्या बेडवर त्यांची पांढरी भुकटी साचते आणि वर्षानुवर्षे ती श्वासातून जात राहिली तर फुप्फुसांना कायमची सूज येऊ शकते. अळिंबी कामगारांचा हा आजार जगभर परिचित आहे. तोंडाला पदर बांधल्याने हे थांबत नाही. बेड मोडण्याआधी त्यावर पाणी फवारणे, ते काम गोठ्यात न करता उघड्यावर करणे, गाळणीचा मास्क वापरणे आणि काम पाळीपाळीने वाटून घेणे हे लगेच सुरू झाले. त्या ताईंना डॉक्टरांना दाखवले आणि त्यांच्याकडे आता पॅकिंगचे काम आहे.

राहिला तो जुना, रसायनाचा ढीग. वर्षभराचा तो माल शेतात पसरून मोकळे होण्याची घाई गावातल्या काहींना होती. आम्ही तो शेण घालून दोनदा पलटला, खाली फरशी व वर ताडपत्री घालून ओढ्यापासून दूर ठेवला आणि त्यावर चुन्याने मोठी खूण केली, म्हणजे कोणी चुकून गांडूळखताच्या वाफ्यात घालणार नाही. गटाच्या वहीत आता प्रत्येक खेपेपुढे काड कशाने निर्जंतुक केले याचा एक रकाना आहे आणि बेड उतरवताना तो पाहिल्याशिवाय कोणीही पाटी भरत नाही. फेब्रुवारीत जुन्या ढिगातला मूठभर माल घेऊन घमेल्याची चाचणी पुन्हा केली. दहापैकी तीन गांडुळे त्या बाजूला सापडली. पावसाळा संपल्यावर ती चाचणी पुन्हा करायची आहे आणि तोवर ताडपत्री उघडायची नाही, असे ठरले आहे.